अरिगातो न म्हणणारं घर

आई, आधीच सांगते, माझा राग गेलेला नाही. तुम्हाला जाऊन सतरा दिवस झाले. भेटायला येणाऱ्या बायका सांगतात, गेलेल्या माणसावर राग धरू नये. मी म्हणते, का धरू नये? अकरा वर्षं तुमच्या हाताखाली काढली. तुमच्याशी भांडायचा हक्क मी कष्टाने मिळवलाय, तो असा फुकट सोडणार नाही.

राग कशाचा ते तुम्हाला ठाऊक आहे. अकरा वर्षांत तुम्ही मला, तुमच्या थोरल्या सुनेला, एकदाही 'जेवलीस का' असं विचारलं नाहीत. आणि धाकट्या सुनेला तेवढं विचारता यावं म्हणून, साठी उलटल्यावर, अंगठा उठवणाऱ्या बाईने जपानी शिकायला घेतली. तीही माझ्याकडून!

तुमचा धाकटा नितीन ठाण्याच्या कारखान्यातून ट्रेनिंगला जपानला गेला तेव्हा बाबांनी अख्ख्या काल्हेरमध्ये पेढे वाटले होते. दोन वर्षांनी त्याने तिथेच किमिकोशी रजिस्टर लग्न केलं, तेव्हा त्याच बाबांनी ओटीवर उभं राहून जाहीर केलं की या घरात त्या पोरीचं नाव निघणार नाही. शेजारी मोठे काका मान हलवत होते. बाबांच्या या थोरल्या भावाने मान हलवली की भावकीचा ठराव पास झाला असं समजायचं. तुम्ही आत सुकट निवडत होतात. हातातलं सूप खालीही न ठेवता म्हणालात, "नाव नको ना? बरा. मी तिला सूनच म्हनेन."

दुसऱ्या दिवशी मला म्हणालात, "वंदे, तू लग्नाआधी बालवाडीत शिकवायचीस ना? मग मना शिकव."

मी ठाण्याच्या फुटपाथवरून एक पातळ पुस्तक आणलं. प्रवाशांसाठी होतं ते. त्यात विमानतळ कुठे आहे, खोलीचं भाडं किती, माझी बॅग हरवली, सगळं होतं. 'जेवलीस का' कुठेच नव्हतं. "कसला मेला पुस्तक," तुम्ही म्हणालात, "ह्यात कोनाला आईच न्हाय." मग नितीनला फोनवर विचारून विचारून आपणच आपली यादी केली. तुम्हाला वाचता येत नव्हतं, म्हणून मी बालवाडीची पद्धत काढली. वस्तूला हात लावायचा आणि शब्द म्हणायचा. माठाला हात लावून मिझु, भाताच्या टोपाला हात लावून गोहान, मिठाच्या बरणीला शिओ. गुडघा धरून इताई, म्हणजे दुखतंय. हा शब्द तुम्हाला सगळ्यात आधी पाठ झाला. 'होय'ला तिकडे 'हाय' म्हणतात हे कळल्यावर तर तुम्ही मला वेड्यातच काढलंत. "मंग शिकायचा काय हाय त्यात?"

घाई करा म्हणजे हायाकु. हा शब्द तुम्ही जपानसाठी शिकलात आणि वापरलात काल्हेरवर. दूधवाल्याला हायाकु, गॅसवाल्याला हायाकु, आमच्या ह्यांना अंघोळीसाठी हायाकु. झोपाळ्यावर बसलेल्या बाबांना दिवसातून दहा वेळा हायाकु. ते तोंड फिरवायचे आणि तुम्ही अजून मोठ्याने म्हणायचात.

दर रविवारी सकाळी नितीनचा फोन यायचा. फोन ओटीवर होता. बाबा झोपाळ्यावर पाठ करून बसायचे, पण तुम्ही बोलायला लागलात की झोपाळ्याच्या कड्यांचा आवाज थांबायचा. ते आपल्या दोघींनाही दिसत होतं आणि आपण दोघींनीही ते कधी बोलून दाखवलं नाही. तुम्ही रिसीव्हर दोन्ही हातांत धरून ओरडायचात, "किमी! ताबेता?" म्हणजे, जेवलीस का? पलीकडून ती काहीतरी लांबलचक सांगायची. तुम्हाला त्यातलं मासे आणि भात एवढंच कळायचं. तुम्ही खूश होऊन म्हणायचात, दाइजोबु, दाइजोबु. ठीक हाय, ठीक हाय.

चार महिने असं चाललं आणि एका रविवारी नितीन तडकला. "आई, तू तिची झडती का घेतेस? ती रडते. दर आठवड्याला विचारतेस जेवलीस का, जेवलीस का. तिला वाटतं, ती मला नीट खायला घालत नाही असा तुला संशय आहे. शनिवारपासून पाठ करून ठेवते ती, कुठल्या दिवशी काय रांधलं ते." तिच्याकडे म्हणे असं उगाच कुणी कुणाला विचारत नाही. तुम्ही रिसीव्हरवर हात ठेवलात. मग माझ्याकडे वळलात. "मंग ती लोकं मायेनं विचारतात तरी काय?"

मला अजून आठवतंय, आई, माझ्या तोंडावर आलं होतं, 'आणि तुम्ही मायेने मला काय विचारता?' मी गिळलं. चूक केली. तेव्हाच विचारायला हवं होतं.

त्या रविवारी किमिकोनेच तुम्हाला नवा शब्द दिला. ओत्सुकारे. दिवसभर राबलेल्या माणसाला संध्याकाळी म्हणायचं, दमलास हो, खूप केलंस. हा शब्द तुम्ही असा काही उचललात की विचारू नका. कोपऱ्यावर सोडणाऱ्या रिक्षावाल्याला ओत्सुकारे. आपल्या शेतात उभ्या राहिलेल्या गोदामाच्या वॉचमनला ओत्सुकारे, आणि तो बिचारा म्हणायचा, "जी माँजी, सब ठीक है." आणि मग एका संध्याकाळी, मी भांडी घासून पदराला हात पुसत आत आले तेव्हा, भिंतीकडे बघत मला म्हणालात, "ओत्सुकारे."

मी कृतज्ञ व्हायला हवं होतं. मी भडकले. "जपानीत काय म्हणता? आपल्या भाषेत म्हणा ना. दमलीस गो वंदे, असं म्हणा."

तुम्ही पायाच्या नखाशी खेळत बसलात. मग हळूच म्हणालात, "आपल्या भाषेत लाज वाटते गो."

त्यानंतर रोज संध्याकाळी ओत्सुकारे आलं, एक दिवस चुकलं नाही. मराठीत मात्र कधीच आलं नाही. मी रोज वाट बघितली. आता तुमच्या सासूने तुम्हाला काय काय म्हटलं असेल, आणि काय म्हटलं नसेल, याचा विचार मी करते. पण त्यामुळे माझी वाट बघणं खोटं ठरत नाही.

मग ते दोघं पंधरा दिवसांसाठी आले. बाबांनी येऊ दिलं, कारण तुम्ही दोन दिवस चूलच पेटवली नाहीत. किमिको दारात वाकली, तुम्ही तिला सरळ केलंत आणि तिच्या गालांवरून हात फिरवून कानशिलांवर बोटं मोडलीत. ती घाबरली, बोटांच्या आवाजाला. मग हसली. जेवायला बसली तेव्हा ताटापुढे हात जोडून इतादाकिमासु म्हणाली, आणि तुम्ही पंगतीकडे बघून म्हणालात, "बघा. अन्नाला नमस्कार करते. तुमच्यातला एक तरी करतो का? नुसता हादडायचा."

पण दुसऱ्याच दिवशी बिनसलं. पाणी दिलं की अरिगातो, म्हणजे आभार. चटणी वाढली की अरिगातो. मी तिच्या केसाला तेल लावलं तर तीन वेळा अरिगातो. तुमचा चेहरा उतरत गेला. शेवटी भाकरी वाढताना तुम्ही तिचा हातच धरलात. "अरिगातो न्हाय! ह्या घरात अरिगातो न्हाय. तू काय परकी हायस?" ती पांढरी पडली. नितीन समजावत बसला. आणि मी तुमच्याशी भांडले, मोरीत, हळू आवाजात.

"आई, तिच्यात म्हणतात. चांगलंच आहे की ते."

"तिच्यात म्हनू दे. आपल्यात आभार बाहेरच्याचे मानतात. घरच्याला कोन म्हनतो?"

"म्हणजे घरच्याने मरेस्तोवर राबायचं आणि कुणी अवाक्षर काढायचं नाही?"

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. काहीतरी बोलणार होतात. तेवढ्यात बाबांनी चहासाठी हाक मारली आणि ते राहिलं. आई, ते वाक्य काय होतं? दोन वर्षं मी ते तुमच्या तोंडात शोधतेय. घरच्या माणसाचं केलेलं कुणी बोलून दाखवायचं की नाही, हे आपलं भांडण तिथेच मोरीत अर्धं पडलंय.

आणि मग तो भाताचा दिवस. किमिकोला वाटलं, आपणही या घरात काहीतरी रांधावं. सकाळीच उठली, आपला जाडा भात शिजवला, हात ओले करून मिठाचं बोट लावलं आणि गोळे वळायला घेतले. तिच्याकडे डब्यात नेतात म्हणे, ओनिगिरी म्हणतात. आत तुमची सुकटीची चटणी भरली होती. तुम्हाला आवडते म्हणून. केळीच्या पानावर एका ओळीत गोल गोल गोळे मांडले, आणि शोभेसाठी वरून काळे तीळ पेरले. हौसेने पान उचलून ओटीवर आणलं.

ओटीवर बाबा, मोठे काका आणि भावकीतले दोघे होते. बाबा उठून पायात चप्पल न घालता बाहेर गेले. मोठे काका म्हणाले, "जित्या मानसाच्या घरात पिंड मांडलंन हिनं." किमिकोला भाषा कळत नव्हती, चेहरे कळत होते. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते आणि खरं सांगते, माझेही पाय गार पडले. ती माझी जाऊ आहे, तिचं हे पान मी पटकन काढून घ्यावं, एवढंही मला सुचलं नाही.

तुम्हाला सुचलं. तुम्ही पुढे झालात, पानावरचा मधला गोळा उचललात आणि सगळ्यांसमोर मोठ्ठा घास घेतलात. चावलात. चटणी लागली तशा भुवया वर गेल्या. "मेल्यावर मना कावल्याचा उष्टा मिलनार," तुम्ही काकांकडे बघत म्हणालात, "जितेपनी गरम खाते, तर तुमच्या पोटात का दुखतंय?" मग दुसरा गोळा माझ्या हातावर ठेवलात. "वंदे, ताबेते." खा. मी खाल्ला. माझ्या आयुष्यात मी इतकं घाबरत काही खाल्लं नव्हतं, आणि चव इतकी चांगली असेल असंही वाटलं नव्हतं.

आता ऐका पुढचं. तुम्हाला छातीत दुखायला लागलं तेव्हा तुम्ही इताई म्हणालात. मला वाटलं गुडघा. मी म्हटलं, तेल लावते. तुम्ही छातीवर हात ठेवलात, बालवाडीच्या पद्धतीने. रिक्षात बसताना मोठे काका आले होते. त्यांच्या देखत तुम्ही मला म्हणालात, "इत्तेकिमासु." जाऊन येते. हा तुमचा सगळ्यात आवडता शब्द होता, कारण तिकडेही घरातून निघताना नुसतं 'जाते' म्हणत नाहीत. काकांना वाटलं, तुम्ही वाताच्या भरात बरळताय. मला ठाऊक होतं, तुम्ही शुद्धीत आहात आणि त्यांना चिडवताय. येते म्हणून गेलात, आई. तिसऱ्या दिवशी दवाखान्यातून आम्ही तुम्हाला आणलं. तुम्ही आला नाहीत. याचाही राग आहे माझा.

नितीन आणि किमिको अग्नी दिल्यावर दोन दिवसांनी पोचले. घरात भावकीच्या बायका होत्या. किमिकोला कुणी पाणी दिलं, कुणी चहा दिला. तिने मान खाली घालून घेतलं आणि एक शब्द बोलली नाही. बायका मागून कुजबुजल्या, "दोन शब्द पन न्हाईत तोंडात. शिकलेली म्हनतात." मी ऐकत होते. ती तुमचा नियम पाळत होती. ह्या घरात अरिगातो न्हाय. बाराव्यापर्यंत तिने ओठ आवळून पाळला आणि त्याबद्दल बोलणी खाल्ली. मी त्या बायकांना काय बोलले ते इथे लिहीत नाही. तुम्ही असतात तर खूश झाला असतात.

बाराव्याला पान ठेवायची वेळ झाली. घरातल्या सुनांनी वाढायचं. भात, बिरडं, वडे, खीर, सगळं मी केलं होतं. मोठे काका ओटीवरून म्हणाले, "थोरली सून वाढंल. त्या चायनीजला बाहेर मंडपात बसवा. तिचा हात लागला तर पान पोचनार न्हाय. जितेपनी सासूला पिंड चारलंन, त्याचं फल बघितला ना?"

आमच्या ह्यांनी खाली बघितलं. नितीनच्या मुंडन केलेल्या डोक्यावरची शीर उडत होती, पण आई गेलेला पोरगा चुलत्यापुढे काय बोलणार? किमिको माझ्या मागे उभी होती, ताट हातात घेऊन. तिला भाषा कळली नाही. चेहरे कळले. परत.

ह्या वेळी माझे पाय गार पडले नाहीत. मी पळी खाली ठेवली. बाहेर आले. म्हटलं, "काका, मग मीही वाढणार नाही. स्वयंपाक तयार आहे. तुमचा हात पोचत असेल तर तुम्ही वाढा."

"तोंड सांभाल, वंदना."

"अकरा वर्षं सांभाळलं. आईंना अटॅक आला, डॉक्टरांनी सांगितलं तुमच्यासमोर. भातानं कुणी मरत नाही. तो भात मीही खाल्ला होता, मी उभी आहे ना?" माझा आवाज पार मंडपापर्यंत गेला. मग मी आत वळले आणि किमिकोला म्हटलं, "किमी. ओनिगिरी." तिला वाटलं तिने चुकीचं ऐकलं. ती मान हलवायला लागली, नको, नको. मी तिचा हात धरून भाताच्या टोपावर ठेवला. बालवाडीच्या पद्धतीने.

तिने हात ओले केले. एकच गोळा वळला. आत सुकटीची चटणी भरली. हो आई, बाराव्याच्या पानावर, माझ्या जबाबदारीवर. काळे तीळ मी लावले. मग आम्ही दोघी पान घेऊन दारात उभ्या राहिलो. काका वाटेत उभे होते. हलेनात.

झोपाळ्याच्या कड्या वाजल्या. बाबा उठत होते. तुम्ही गेल्यापासून ते कुणाशी धड बोलले नव्हते. मला वाटलं आता ते पहिल्यासारखे बाहेर निघून जातील. ते भावाच्या शेजारी आले, त्याच्या दंडाला धरून त्याला बाजूला केलं आणि आम्हा दोघींकडे न बघता घसा खाकरून म्हणाले, "हायाकु."

मला आधी कळलंच नाही. किमिकोला कळलं. तिच्या तोंडून हुंदका फुटला आणि तिने त्या हुंदक्यातच "हाय" म्हटलं.

"हायाकु करा," बाबा म्हणाले, "भात निवतोय. तिला गरम लागतो."

पान किमिकोने ठेवलं. मी पाणी फिरवलं. तिने हात जोडले, आणि तुम्ही तिला फोनवर दटावायचात त्याच सुरात, हक्काने, म्हणाली, "ताबेते, आई."

काका न जेवता गेले. जाऊ देत. काल कळलं, वडपे गावातल्या त्यांच्या व्याह्यांकडे सांगत होते, की धाकट्या भावाच्या घरात बायकांचं राज्य आलंय. तुम्ही गेल्यावर आलं असं त्यांना वाटतंय. त्यांना कोण सांगणार?

संध्याकाळी मंडप सुटला, भांड्यांचा ढीग पडला. आम्ही दोघी मागच्या पायरीवर घासत बसलो. ती तपेली विसळून पालथी घालत होती. शेवटचं पातेलं झालं तेव्हा तिने ओल्या हाताने कपाळावरचे केस सारले आणि माझ्याकडे, नीट माझ्याकडे बघून म्हणाली, "ओत्सुकारे गो."

तो 'गो' तिला कुठल्या पुस्तकात मिळाला नसणार. मी तिथेच पायरीवर बसून रडले. तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा.

ते दोघं परवा परत गेले. आता रविवारी फोन मी घेणार. बाबांनी झोपाळा फोनच्या बाजूला फिरवून घेतलाय, उजेड येतो म्हणतात. काका परत कधी ओटीवर बसून किमीबद्दल बोलले, तर मी परत बोलेन. दर वर्षी तुमच्या पानावर तो गोळा असेल. ती नसेल तेव्हा मी वळेन, मला आता जमतो.

आणि आपलं मोरीतलं भांडण अजून संपलेलं नाही. माझं म्हणणं तेच आहे, घरच्या माणसालाही बोलून दाखवावं. त्या हिशेबाने आज मी तुम्हाला तो एक शब्द लिहायला हवा. तीनदा लिहिला, मराठीत एकदा आणि जपानीत दोनदा, आणि तिन्ही वेळा खोडला. नाही लिहीत. तुम्ही काय परक्या आहात?

फक्त एवढं सांगा आई, त्या दिवशी गरम होतं ना? जेवलात ना?